पाहुण्यांचं पाणी

द्वारका भाकरे कुणाच्याही घरी गेली की पुढे आलेला पाण्याचा तांब्या परत करायची. वैशाखाच्या उन्हातून चालत आलेली असो, घशाला कोरड पडलेली असो, आधी तांब्यात डोकावायची, मग तो हलकेच मागे सरकवायची आणि म्हणायची, "हे नोको. तुमी पेता ते द्या."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच घरी, अमरावतीला अंबापेठेत. द्वारका आणि मी नागपूरला मेडिकलच्या एकाच वर्गात होतो, वसतिगृहात एकाच खोलीत राहत होतो. दिवाळीच्या सुटीत तिला अकोल्याच्या बाजूला आपल्या गावी जायचं होतं, गाडी दुसऱ्या दिवशी होती, म्हणून मी तिला मुक्कामाला घरी आणलं. माझे वडील वकील. बाहेर मोठ्या सुधारणेच्या गप्पा मारायचे, पण घरातलं सोवळं-ओवळं आईच्या हातात होतं. आईने तिला काचेच्या पेल्यातून पाणी दिलं. काचेचे पेले परक्या जातीच्या माणसांसाठी फडताळात वेगळे ठेवलेले असत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलत नसे. द्वारकेने पेला खाली ठेवला.

"काकू, हे नोको. तुमी पेता ते द्या."

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाणी नाकारायचं ते आम्ही. कुणब्याच्या पोरीने आमच्या ओसरीवर बसून आमचं पाणी नाकारावं, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. "अगं, तेच आहे ते," ती कशीबशी म्हणाली.

"मंग तुमच्याच तांब्यातून द्या ना," द्वारका म्हणाली आणि छान हसली. आईने दिलं. नंतर तो तांब्या चिंच लावून बराच वेळ घासला, पण दिलं.

पुढे कितीतरी वर्षांनी द्वारका वारली, तेव्हा अकोल्याला तिची शोकसभा झाली. हारातला फोटो, उदबत्ती, आणि माईकवर एकामागून एक माणसं. एक जण म्हणाले, डॉक्टर भाकरे म्हणजे मूर्तिमंत शांती. दुसरे म्हणाले, त्यांच्या तोंडून आम्ही कधी वावगा शब्द ऐकला नाही. माझी कानशिलं तापली. ज्याने द्वारकेच्या तोंडून वावगा शब्द ऐकला नाही तो माणूस तिला भेटलाच नव्हता. बाई भांडखोर होती. मरेपर्यंत भांडत होती, आणि कशासाठी भांडत होती ते त्या सभेत एकानेही उच्चारलं नाही. जिवंतपणी जिला ही माणसं 'ती तोंडाळ बाई' म्हणत, तिला मेल्यावर गरीब गाय करून टाकलं. मी मधेच उठून बाहेर आले. हे लिहितेय ते अजून त्याच रागात, हे वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

तिचं गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं. अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या त्या भागाला आमच्याकडे खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीभोर, कापूस उत्तम, पण विहीर खणली की पाणी खारं लागतं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, वरण शिजत नाही, धुतलेलं लुगडं वाळलं की त्यावर पांढरी पुटं दिसतात. एखाद्या गावाच्या नशिबात एखादी गोड्या पाण्याची विहीर असते. ते गोडं पाणी घरात वेगळ्या घागरीत झाकून ठेवतात, आणि ते पाहुण्यांसाठी असतं. घरची लेकरं, म्हातारी, पोटुशी बाई, सगळी खारं पितात आणि दारात आलेल्याला गोडं देतात. पाहुण्याच्या जिभेला खारं लागलं तर त्या घराची अब्रू गेली. म्हणून बाहेरचा माणूस आयुष्यभर त्या पट्ट्यात हिंडला तरी त्याला खारं पाणी भेटत नाही. तो तांब्या रिकामा करून म्हणतो, काय गोड पाणी आहे हो तुमच्याकडचं.

द्वारकेचा धाकटा भाऊ लहानपणी अंगावर सूज येऊन गेला. हे तिने मला एकदाच सांगितलं, वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता.

"थो गोडं पानी मांगे. घागर भरेल होती. पन त्या दिवशी तालुक्याचे साहेब येनार होते. माय म्हने, साहेब येऊन जाऊ दे, मंग देतो. साहेब आले, पेले, गेले. तवापर्यंत त्यानं मांगनं बंद केलं होतं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. एवढ्याशा पाण्याने काही तो वाचला नसता, असंच काहीतरी. ती म्हणाली, "तू कपडे वाळत घाल, वकीलबाई." मला ती नेहमी वकीलबाई म्हणायची. वकिलाची मुलगी म्हणून, आणि कुठल्याही गोष्टीची दुसरी बाजू सांगत बसायची मला खोड होती म्हणूनही.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा कॉलेजाचं आरोग्य शिबिर निघालं. जागा ठरली ती अमरावती जिल्ह्यातलं, खारपाणपट्ट्यातलंच एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही. शिबिराचे प्रमुख आमचे एक प्राध्यापक होते. त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. बोलणं मऊ, अंगावर खादी, आणि 'लोकांचा सहभाग' हे शब्द कायम जिभेवर. त्या काळी ते शब्द सगळ्यांच्याच जिभेवर होते. स्वातंत्र्य नवं होतं, आम्ही तरुण होतो, आणि पांढरे कोट घालून खेड्यात जायचं या कल्पनेनेच आमची छाती फुगत होती. शाळेत आमचा मुक्काम पडला. पाटलांच्या मळ्यात गोड्या पाण्याची विहीर होती. रोज सकाळी त्यांच्या बैलगाडीतून आमच्यासाठी पाण्याच्या टाक्या येत. आम्ही ते पाणी पोटभर प्यायलो, त्यानेच आंघोळी केल्या, कोट धुतले आणि गावकऱ्यांना आरोग्य शिकवायला निघालो.

औषधं वाटणं आणि लस टोचणं ही कामं होतीच, पण सगळ्यात मोठं काम पाण्याच्या तपासणीचं होतं. त्या भागात सरकारची पाणीयोजना यायची होती. ज्या गावाचं पाणी वाईट निघेल त्या गावाला नळ मिळणार होते, चांगलं निघेल ते गाव वगळलं जाणार होतं. म्हणजे आमच्या बाटल्यांवर त्या गावाच्या लेकराबाळांनी पुढे काय प्यायचं ते ठरणार होतं. मोठ्या सरांनी युक्ती काढली. विद्यार्थ्यांनी विहिरी धुंडाळत फिरायचं नाही. घरोघर रिकाम्या बाटल्या द्यायच्या आणि लोकांनी आपण पितो ते पाणी स्वतः भरून आणायचं. लोकांचा सहभाग!

द्वारका उभी राहिली. "सर, बाटल्या घरी नोका देऊ. ते गोडं भरून आनतीन."

"कशाला आणतील?" सर हसले. "नळ तर त्यांनाच मिळणार आहेत."

"नळाची गोष्ट नाई सर, लाजेची हाये. सरकारी मानसाच्या हातात खारं पानी द्यायले लाजतीन ते. आपन जाऊन भरू. रांजनातून भरू."

"भाकरे," सर म्हणाले, "तुम्ही मुली चहापाण्याचं बघा. पाण्याचं आम्ही बघतो." यावर मुलगे हसले. त्या वाक्यावर हसलेले चेहरे मला आजही नावानिशी आठवतात. त्यांतले बरेच आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि सभांमधून खेड्यांविषयी बोलतात.

बाटल्या आल्या. स्वच्छ धुतलेल्या, काठोकाठ भरलेल्या, काहींना फडक्याची नवी बुचं लावलेली. मोठे सर एकेका बाटलीतलं पाणी चमच्याने चाखत होते आणि मान डोलावत होते. पहिली गोडी, दुसरी गोडी, सगळ्याच गोड्या. साऱ्या गावाने पाटलांच्या विहिरीचं पाणी भरून आणलं होतं. द्वारका भिंतीला टेकून ओठ आवळून बघत होती.

मग वस्तीतली बाटली आली. गावाबाहेर नाल्याच्या काठाला ती वस्ती होती. तिथल्या लोकांनी नागपूरला जाऊन नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. गावातल्या देवळांशी त्यांचा संबंध संपला होता, पण पाटलांच्या विहिरीने त्यांना आधीही जवळ केलं नव्हतं आणि आताही करत नव्हती. पाटील गावातल्या घरांना घागर-अर्धी घागर भरू देत, वस्तीला नाही. वस्तीतल्या बाया नाल्याच्या वाळूत झिरे खणून खारं, गढूळ पाणी वाटी-वाटीने भरत. त्या वस्तीतून पंचफुलाबाई नावाची बाई पदराखाली बाटली झाकून आली. सरांनी चाखलं. गोडं! शेजारच्या गावी तिची बहीण होती. तिच्याकडे उन्हातून पायी जाऊन तिने ते भरून आणलं होतं.

"अवो, कावून गेली इतक्या दूर?" द्वारकेने तिला विचारलं.

"डाक्टरसाहेब तोंडात घेऊन पाहतेत म्हने," पंचफुलाबाई म्हणाली. "त्याइच्या तोंडात आमचं खारं कसं घालू व माय?"

द्वारकेच्या हातात कपांचा ट्रे होता. तो तिने असा आदळला की दोन कपांचे कान उडाले.

त्या दिवसापासून ती घरोघर फिरू लागली. बाकीचे विद्यार्थी बायांना विचारत, काय दुखतं, ताप येतो का. बाया खाली बघत आणि म्हणत, काही नाही. द्वारका चुलीपाशी जाऊन बसायची आणि विचारायची, "वरन शिजते का?" बाया एकमेकींकडे बघत, तोंडाला पदर लावून हसत, आणि मग एखादी बोलून जाई, "कुठचं शिजते बाई! सकायपासून लाकडं जायून राह्यलो." एवढं निघालं की मागोमाग सगळं निघायचं. सासऱ्याला लघवीला त्रास आहे. पोर सकाळी उठतं ते डोळे सुजवून. पोटुशी सून पाणी तोंडात घेते आणि ओकते. आमच्या वह्यांमध्ये ज्या घरांपुढे 'तक्रार नाही' असं लिहिलेलं होतं, त्याच घरांत हे सगळं होतं.

मग तिने स्वतःच रांजणांतून आणि झिऱ्यांतून बाटल्या भरल्या आणि आणून सरांच्या टेबलावर मांडल्या. सर म्हणाले, हे पाणी लोकांनी आणलेलं नाही, पद्धतीत बसत नाही. आणि शाळेच्या आवारातल्या निंबाच्या बुडाशी एकेक बाटली ओतून मोकळी केली. पद्धतीत बसत नाही! पुढे सरकारी नोकरीत हे वाक्य मी उठता-बसता ऐकलं, पण त्याचा अर्थ मला त्या निंबाखाली कळला. माणसं काय पितात ते डोळ्यांसमोर असताना त्यांनी काय आणून दिलं तेवढंच बघायचं, याचं नाव पद्धत.

शेवटच्या दिवशी योजनेचे अधिकारी जीपने आले. शाळेपुढे मांडव पडला. सतरंज्या, तक्के, पाटलांच्या घरच्या नक्षीच्या कपबशा. मोठ्या सरांनी भाषणात सांगितलं, या गावाचं भाग्य थोर की इथलं पाणी उत्तम आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे बहुतेक जण खारंच पिणारे होते, पण गावाची स्तुती होत होती आणि पाहुणा करत होता, मग हात आपसूक वाजले. नळ हातचे जात आहेत हे तिथे फक्त द्वारकेला दिसत होतं. मग चहा आला. चहा मुलींकडे होता, सरांनीच तो आमच्याकडे सोपवला होता.

अधिकाऱ्यांनी पहिला घोट घेतला आणि तो त्यांच्या तोंडातच राहिला. त्यांनी शेजारी पाहिलं. शेजारचे मोठे सर लगबगीने मांडवाबाहेर जाऊन थुंकत होते. कपात दूध फाटून चोथा वर आला होता. कुणीतरी ओरडलं, "साखरेऐवजी मीठ घातलंत की काय?"

"साखर बराबर घातली," द्वारका पुढे आली. आवाज चढलेला नव्हता, पण मांडवभर ऐकू जात होता. "पानी वस्तीतल्या झिऱ्याचं घातलं. तुमच्या बाटलीत ते आलं नाई ना साहेब, म्हनून कपात आनलं. हे लोक हेच पेतात. जलमभर पेतात. तुमाले एक घोट गियवला नाई."

आधी उठले ते पाटील. "पोरी, माह्या मांडवात माह्या पाव्हन्याले खारं पाजलं तू? माह्या बापानं नाई, आज्यानं नाई, कोनी कधी पाव्हन्याले खारं देल्लं नाई या गावात!"

"नाई ना देल्लं," द्वारका म्हणाली. "म्हनूनच तर कोनाले मालूम नाई पडलं."

पाटील दुष्ट माणूस नव्हता. त्याचं मन खरोखर दुखावलं होतं, आणि याच गोष्टीची मला जास्त चीड येते. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. पण त्या दिवशी खरा घाव घातला तो पंचफुलाबाईने. ती मांडवाच्या कडेला उभी होती. तिथून द्वारकेपर्यंत आली आणि म्हणाली, "लाज काढली बाई तुनं आमची. आमी उन्हातानाचं गोडं आनलं, अन् तुनं साऱ्याइच्या समोर आमचा झिरा उपडा केला." बोलली आणि पाठ फिरवून चालायला लागली. पाटलांपुढे ताठ उभी राहिलेली द्वारका मटकन सतरंजीवर बसली. तिला रडताना मी त्या एकदाच पाहिलं.

अधिकारी मात्र बरा माणूस निघाला. त्याने तोंड धुतलं, मुक्काम वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या माणसांना रांजणांतून बाटल्या भरायला लावल्या. त्या बाटल्यांवर गाव योजनेत बसलं. मोठ्या सरांनी द्वारकेची टर्म नामंजूर केली, कारण शिस्तभंग. आम्ही सगळे परीक्षा देऊन डॉक्टर झालो आणि ती धाकट्या मुलांबरोबर पुन्हा त्याच बाकावर बसली. तेवढ्यात एका गावाला पाणी मिळवून दिल्याबद्दल मोठ्या सरांचा सत्कार झाला. मी चिडून तिला सांगायला गेले. ती म्हणाली, "सत्काराचा चहा कसा होता?"

डॉक्टर झाल्यावर ती त्याच गावात जाऊन राहिली. मी म्हटलं, "वेडी आहेस का? ते लोक तुला दारात उभं करणार नाहीत." तर म्हणाली, "मी त्याइची लाज काढली, वकीलबाई. काढून पयून जाऊ का? आता तिथंच राहाले पायजे ना." तिला दवाखान्यासाठी खोली कुणी दिली, तर पाटलांनी. "तोंडाची फाटकी हाये पोट्टी, पन भेत नाई कोनाले," असं त्यांनी तिचं प्रमाणपत्र गावाला दिलं.

पण ते शेवटी पाटीलच. रोज सकाळी त्यांचा गडी मळ्यातल्या गोड्या पाण्याची घागर तिच्या दारात ठेवून जायचा, आणि रोज सकाळी द्वारका ती घागर तशीच वस्तीतल्या कुणा बाळंतिणीकडे पोचवायची. पाटलांना हे कळायला कितीसा वेळ लागणार? ते तणतणत आले. मी तेव्हा तिच्याकडे गेलेली होते, म्हणून हे संभाषण मला स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालं.

"पानी तुह्यासाठी धाडून राहिलो मी."

"भेटलं ना मले. मंग मी त्याचं काई बी करीन."

"वस्तीत जाते माह्या विहिरीचं पानी!"

"तुमी कुठं वस्तीत देऊन राहिले, बापू? तुमी तर पाव्हनीले देऊन राहिले."

पाटील पाय आपटत गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर दारात होती. आपल्या गावात राहायला आलेल्या डॉक्टरणीला खारं पाजलं, हे चार गावांत कोण ऐकून घेणार? द्वारकेने त्यांची अब्रू पुरती ओळखली होती आणि तिला कामाला जुंपलं होतं.

पंचफुलाबाई मात्र कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसली की दुसऱ्या बाजूने जायची. पुढे तिची सून अडली आणि द्वारकेने तिला सोडवलं, तेव्हा बोलणं सुरू झालं. पण 'लाज काढली' हे शब्द तिने मागे घेतले नाहीत. वस्तीत कुणी बाहेरचं आलं, मी जरी गेले, तरी ती कुठून तरी गोडं पाणी पैदा करायची आणि तांब्यातून पुढे करायची. द्वारका कपाळाला हात लावायची.

द्वारका स्वतः खारं प्यायची. यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली. मी तेव्हा अमरावतीला सरकारी दवाखान्यात नोकरीला होते, आणि तिच्या पायांवरची सूज मी तिच्याआधी पाहिली होती. "तू खारं प्यायल्याने कुणाचं गोडं होणार आहे का?" मी ओरडायची.

"नाई होत."

"मग? ही कसली हौस?"

"गोडं पेलं की इसरते मानूस," ती म्हणायची. "मोठे सर काय वाईट होते का? त्याइले फक्त कोनी खारं पाजलं नव्हतं." मला याचा राग यायचा. तो राग तिच्यावर होता की आणखी कुणावर, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

नळ येणार येणार म्हणता म्हणता खरंच आले. मारुतीच्या देवळामागे टाकी उभी राहिली, गावातल्या आळ्यांमधून नळ फिरले, आणि वस्तीच्या अलीकडच्या वळणावर येऊन थांबले. वस्तीचं काम पुढच्या टप्प्यात होईल, असं सांगितलं गेलं. द्वारका अमरावतीच्या कचेरीत खेटे घालू लागली. साहेब बदलायचे, टप्पा तोच राहायचा. खुर्चीवरचा नवा साहेब पाणी मागवायचा, ती पेला परत करायची आणि भांडायला सुरुवात करायची. कारकून एकमेकांना खुणा करायचे, आली ती तोंडाळ बाई. शोकसभेत तिला मूर्तिमंत शांती म्हणणाऱ्यांत त्या कचेरीतले एक निवृत्त साहेबही होते.

शेवटी तिला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं, कारण तिचा थोरला भाऊ तिथे राहत होता. मी धावत गेले. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. मूत्रपिंडं निकामी झाली होती. ते खाऱ्या पाण्यानेच झालं, असं डॉक्टर म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तसं नाही हे मला पटवायला कुणी आलं, तर त्याला मी दाराबाहेर काढीन. तिला पाणी अगदी बेताने द्यायचं होतं. मी चमच्याने दिलं. तिने जिभेवर घोळवलं.

"गोडं हाये," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.

"गुपचूप पी!" मी इतकी जोरात ओरडले की नर्सच्या हातून भांडं पडलं.

द्वारका हसली. "राग आला का वकीलबाई तुले? बरं झालं. लय दिवस दुसरी बाजू सांगून राह्यली होती." त्याच आठवड्यात ती गेली.

तिची खोली आवरायला मी गावात गेले. सामान असं नव्हतंच. काही लुगडी, स्टेथोस्कोप, आणि कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या. दारात पाटलांची घागर उभी होती. गड्याला कुणी सांगितलं नसावं, किंवा पाटलांनीच थांबवलं नसावं. मी ती उचलून वस्तीत घेऊन गेले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं. पंचफुलाबाईने घागर उतरवून घेतली, ओसरीवर पोतं अंथरलं, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मी तांब्यात डोकावले आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "हे नको. तुम्ही पिता ते द्या."

"तेच हाये," पंचफुलाबाई म्हणाली. "तू तिचं मानूस. तुह्यापासून आता कावून लपवू?"

मी प्याले. खारं होतं. इतकी वर्षं, इतकी भाषणं, टाकी, नळ, टप्पे, शोकसभा, आणि खारं! पहिला घोट घशाखाली उतरेना. मला वाटलं होतं, इथे आल्यावर रडू येईल. रडू आलं नाही. "वरण शिजतं का?" मी विचारलं.

"कुठचं शिजते," ती म्हणाली.

मी पिशवीतून द्वारकेच्या खोलीतली एक बाटली काढली आणि म्हटलं, "यात रांजणातलं भरून द्या." ती बाटलीकडे बघत राहिली. एका बाटलीसाठी ही बाई उन्हातून दुसऱ्या गावी गेली होती, आणि एका कपासाठी तिने द्वारकेशी बोलणं टाकलं होतं. मला वाटलं, नाही म्हणेल. ती उठली, रांजणात बाटली बुडवली, घट्ट बूच बसवलं.

"कोनाले पाजतं?" तिने विचारलं.

"कचेरीतल्या साहेबांना."

मी हात पुढे केला, पण तिने बाटली दिली नाही. ती पदराखाली घेतली आणि पायात वहाणा घातल्या. "चाल," ती म्हणाली. "मी येतो संगं."

आम्ही एस.टी.ने अमरावतीला गेलो. साहेब नवे होते, चांगल्या घरचे दिसत होते. बसा म्हणाले. पंचफुलाबाई बसली नाही. शिपायाने ट्रेमधून पाण्याचे दोन पेले आणून पुढे ठेवले. मी काही बोलायच्या आत पंचफुलाबाईने आपला पेला हलकेच मागे सरकवला, पदराखालची बाटली काढून साहेबांच्या कागदांवर ठेवली आणि म्हणाली, "हे नोको. आमी पेतो ते घ्या."